कमरेचा पट्टा बाहेर ठेवावा

खानावळीच्या दारातच एका मुलीने ट्रे पुढे केला, तेव्हा शिंप्याला वाटलं, सरबत आलं. ट्रे रिकामा होता.

"चामड्याचं काही असेल तर यात ठेवा," ती म्हणाली. "आमच्याकडे प्राण्याचं काहीच आत जात नाही. ताटातून नाही आणि अंगावरूनही नाही."

शिंप्याला हे फार आवडलं. दूध, अंडं, मध यांतलं काहीही न वापरता खानावळ चालते कशी, हे कुतूहल त्याला आठवडाभर पोखरत होतं. त्याने पाकीट ठेवलं, बूट काढून तिथल्या कापडी सपाता घातल्या आणि उत्साहाच्या भरात कमरेचा पट्टाही काढून दिला. त्याबरोबर पँट कमरेचा निरोप घेऊ लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्ख्या गल्लीच्या पँटी मापात आणणाऱ्या माणसाने वजन उतरल्यापासून स्वतःची काही आत घेतली नव्हती.

"आता?" बायकोने हळूच विचारलं.

"धरतो की हाताने."

"अहो, काम मागायला आलोय आपण."

ते खरंच होतं. मालकीणबाईंना सगळ्या वाढप्यांचे गणवेश शिवून हवे होते. शिंप्याकडे हल्ली कोणी नवं शिवायला टाकत नव्हतं, लोक नुसत्या चेनी बदलून नेत. हे काम मिळालं नाही तर दुकानाला कुलूप लागणार होतं. "आधी जेवून बघा, मग बोलू," असं बाईंनी फोनवर बजावलं होतं.

वाढपी कट्ट्यामागून वाढत, पण जेवण आपलं आपण टेबलापर्यंत आणायचं होतं. शिंपी उजव्या हातात वाटी आणि डावा हात पोटावर घट्ट दाबून निघाला. पँट घसरेल या भीतीने पावलं इतकी सावकाश पडत होती, की एखादा साधूच चालला आहे असं वाटावं. दर चार पावलांनी तो किंचित वाकून ती सावरून घेई.

"हे चीज कशाचं?" त्याने कट्ट्यावर विचारलं.

"काजूचं."

"आणि हे अंडं?"

"डाळीचं."

"कोंबडीला कळलंय का हे?"

"अहो, गुपचूप जेवा," मागून बायको म्हणाली.

पण गप्प बसवेना. प्रत्येक पदार्थ कशाचा हे बघायला तो पुन्हा पुन्हा उठला, पोटावर हात ठेवून गेला, वाकला, परतला. शेजारच्या टेबलावरचं जोडपं टक लावून बघत होतं. "इथली पद्धत असेल," नवरा कुजबुजला आणि दोघांनी डावा हात पोटावर ठेवला. त्यांचं बघून पलीकडच्या चौघांनी ठेवला. गोड पदार्थाची वेळ येईपर्यंत सगळी खानावळ एक हात पोटावर ठेवून जेवत होती.

शिंप्याने चौफेर पाहिलं. "अगं, सगळ्यांचेच पट्टे काढून घेतलेत वाटतं."

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांचाही हात पोटावर, डोळ्यांत पाणी.

"किती वर्षं सांगतेय मी लोकांना, सावकाश जेवा, पोटाचं ऐका. तुम्ही एक शब्द न बोलता शिकवलंत."

"तसं काही नाही हो. हात सुटला की पंचाईत होते, एवढंच."

"किती खरं बोललात. गणवेश तुम्हीच शिवायचे. एकच अट. वाढप्यांचा हातही असाच पोटावर राहायला हवा. मघापासून बघतेय मी तुमची पँट, कमरेत अशी मोकळी. मुद्दाम तशी शिवलीय ना?"

एखाद्याची पँट कमरेत बोटभर सैल झाली तरी ज्याला दोन दिवस अन्न गोड लागत नसे, तो खरं सांगायला निघाला. "नाही, म्हणजे ती माझी..." एवढं बोलेपर्यंत बायकोचा पाय त्याच्या पायावर पडला.

"मुद्दामच," ती म्हणाली. "पण कोणालाही नाही जमत. यांचा हात बसलाय त्यावर."

"मग मापं आत्ताच घेऊन टाका."

वाढपी पोटावर हात ठेवून अदबीने रांगेत उभे राहिले. शिंप्याने खिशातून टेप काढली, ती धरायला दोन हात लागतात हे त्याला आठवलं आणि त्याने ती बायकोकडे दिली.

"मापं ही घेते," तो गंभीरपणे म्हणाला. "मी नुसतं बघतो."