हुसेनबाबांची सागवानी माडी

पोरांनी दंगा केला की घरमालक ओरडतो. आमचे हुसेनबाबा आम्ही गप्प बसलो की ओरडायचे.

"काऊन बे पोट्ट्यायहो, झोपले का? धावा ना जराशे!"

सोनाळा गावातली ती माडी त्यांच्या वडिलांनी सातपुड्यातलं सागवान आणून बांधलेली. खांब, जिना, वरची जमीन, सगळं लाकडाचं. वर कोणी कूस बदलली तरी फळी करकरायची. बाबा लाकडाचे व्यापारी, साठीचे, एकटे. माडी भाड्यानं देत आणि स्वतः खाली वखारीलगतच्या खोलीत राहत. वर कधी येत नसत. "गुडघे धरतात," म्हणायचे. वखारीतल्या ओंडक्यांवर मात्र बकरीसारखे चढायचे.

आमचे वडील शाळामास्तर म्हणून बदलून आले, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "गुरुजी, पोट्टे किती?"

"पाच."

"वा! कधी येता मंग राह्यले?"

जुन्या भाडेकरूंची पारख ते पायांवरून करायचे. जबलपूरकडून आलेला जंगलखात्याचा रेंजर म्हणजे "बुटाचा माणूस. सकाळी चालला का अर्ध्या गावाले जाग ये." मागून आलेली फौजदाराची बायको, "बाई भारी, पाय त्याहून भारी. लय चांगली!" कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कारकुनाला मात्र त्यांनी दिवाळीआधीच घालवलं. "मांजरावानी चाले बुवा. घरात आहे का गेला, काही समजेच ना."

आम्ही पोटभर हसायचो आणि त्यांच्यासाठी मुद्दाम जिन्यावरून उड्या मारायचो.

त्या वर्षी श्रावणात धाकट्या कमलला ताप भरला. वैद्यांचा काढा झाला, दवाखान्यातलं औषध झालं, ताप हटेना. आईनं आम्हाला दटावलं होतं. आम्ही भिंतीच्या कडेकडेनं चालायचो. खालून बाबांची हाक काही आली नाही.

एका दुपारी जिना वाजला. हुसेनबाबा दारात उभे होते.

"बेटी," त्यांनी आईला विचारलं, "पोरगी बोलते ना?"

"बोलते बाबा. पण तापात, काहीबाही."

ते कमलच्या उशाशी बसले. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "माही सकीना याच खोलीत होती. साथीचा ताप. आधी ती गेली, मंग तिची माय. मी खाली बसलो का वरतून आवाजच ये ना. एकट्याले सहन होत नव्हतं."

आईनं हातातला पंखा त्यांच्याकडे दिला. संध्याकाळपर्यंत ते वारा घालत बसले. मग रोजच येऊ लागले.

ताप उतरला त्या सकाळीही तेच उशाशी होते. कमलनं डोळे उघडले, त्यांच्याकडे टकमक पाहिलं आणि भात मागितला.

बाबा गडबडीनं उठले. "चालतो आता. वखारीत काम पडलं आहे." पण जिन्याच्या तोंडाशीच थांबून उपरण्यानं डोळे पुसू लागले.

"बाबा," आई आतून म्हणाली, "तुमचंही पान वाढलंय."

ते मागे फिरले. कमलजवळ मांडी घालून बसले. मऊ भाताचा पहिला घास तिला भरवला आणि मगच आपला घास उचलला.