अंदाज बाहेरून, बिल आतून

निवृत्त ग्रंथपाल दुरुस्तीला टाकलेला टेबलपंखा आणायला निघाले, तेव्हा पत्नीने त्यांना दारातच थांबवलं.

“अंदाज चारशेचा दिलाय. एक रुपया जास्त द्यायचा नाही. शेजारच्या भाऊजींची इस्त्री तिथेच ठरल्या पैशांत दुरुस्त झाली. तुम्हीच तेवढे जिथे तिथे फसून येता. या वेळीही तसंच झालं, तर यापुढे बाजारहाट माझ्याकडे.”

बाजारहाट गेला असता तर त्यांना चाललं असतं. पण त्याबरोबर परतीच्या वाटेवरचं जुन्या पुस्तकांचं दुकानही गेलं असतं. रस्ताभर त्यांनी एक खणखणीत वाक्य घोकलं.

दुरुस्तीच्या दुकानात मालकाने बिल पुढे सरकवलं. सतराशे. खणखणीत वाक्याचे तीनच शब्द बाहेर आले.

“चारशे म्हणाला होतात...” ते पुटपुटले.

“काका, तो अंदाज. हे बिल. अंदाज बाहेरून काढतात, बिल आतून निघतं.”

“पण चौपट?”

“तक्रार काय सांगितलीत तुम्ही? ‘थोडासा आवाज येतो, फारसं काही नाही.’ कारागिराने थोड्याशा आवाजाच्या हिशेबाने पंखा उघडला. आत बघतो तर बेअरिंगचा भुगा! तुम्ही भीड बाळगलीत म्हणून बिचाऱ्याला दोनदा उघडावा लागला. दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी दुप्पट. तोवर उत्साह गेलेला असतो ना.”

आपली तक्रार फारच सौम्य होती, हे ग्रंथपालांना मनोमन पटलं. तरीही त्यांनी धीर एकवटला.

“मग राहू द्या. पंखा होता तसा परत द्या.”

“देतो की! पण होता तसा म्हणजे पुन्हा बिघडवावा लागेल. नवं काढायचं, जुना भुगा होता तिथे नेऊन बसवायचा. नाजूक काम आहे. त्याचा अंदाज काढून देऊ?”

‘अंदाज’ हा शब्द ऐकताच पाकीट आपोआप बाहेर आलं. चारशे घरचे, बाकीचे मागच्या कप्प्यातले, शब्दकोशासाठी साठवलेले.

जिन्यात शेजारी भेटले. “काय, झालं ना ठरल्या पैशांत?”

ग्रंथपाल तोंड उघडणार, तोच वर दारात पत्नी दिसली.

“अगदी चारशे,” ते म्हणाले.

शेजाऱ्यांनी चमकून पाहिलं. “खरंच चारशे?”

“तुमची इस्त्री झाली तसंच.”

यावर शेजाऱ्यांना एकदम आपल्या चपलेचा अंगठा निरखावासा वाटला.

पत्नीच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक मावत नव्हतं. “बघा, तोंड उघडलं की होतं काम! आताच ताईला फोन करते. त्यांचा फ्रिज बंद पडलाय, तोही तिथेच टाक म्हणावं.”

ग्रंथपालांनी पंखा लावला. आवाज येत होता. थोडासा. फारसं काही नाही.

तुमच्याही माहितीत असं एखादं खात्रीचं दुकान असेलच. ते तुम्हाला कोणी सुचवलं, हे विचारत नाही. तुम्ही पुढे किती जणांना सुचवलंत, तेवढं सांगा.