चार भोकांची चकती

हाडाच्या पेशी तिच्या चकतीवर बसायला तयार नव्हत्या. तळघरातल्या प्रयोगशाळेत ती कित्येक वर्षं त्यांची मनधरणी करत होती. हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकची चकती करायची, तिच्यावर पेशी वाढवायच्या, हाड भरून आलं की चकती आपोआप नाहीशी. कागदावर सगळं झकास होतं. प्रत्यक्षात चकती पेशींच्या पातळ खाद्यावर खुशाल तरंगायची आणि पेशी तळाशी जाऊन मरायच्या.

"या खेपेला नाही जमलं तर विषय बंद," सरांनी शांतपणे सांगितलं होतं. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

चकती बुडवायला वजन हवं होतं. लोखंड गंजलं असतं, काच घसरत होती. घरी आल्यावर तिला नवऱ्याचा मीटिंगचा शर्ट दिसला. त्याला शिंपल्याची बटणं होती, चांगली जड आणि नेमकी चकतीच्या मापाची. तिने कात्री घेतली.

"अगं, काय करतेस? उद्यापासून आठवडाभर मीटिंगा आहेत माझ्या."

"काम झालं की परत लावून देते. तोवर वरून स्वेटर घाल."

"या उन्हाळ्यात?"

बटणं उकळली, चकत्यांवर ठेवली, चकत्या बुडाल्या. आठवड्याने सर बघायला येणार त्या सकाळी तिने पेशींची डबी उघडली, तर चकत्याच नव्हत्या. हळूहळू विरघळायच्या त्या पार विरघळून बसल्या होत्या. तळाशी बटणं तेवढी उरली होती. तिला रडूसुद्धा येईना. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी थेट डबी मायक्रोस्कोपखाली ठेवून डोळा लावला.

डबी इकडून तिकडे सरकवत त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं.

"पेशी गच्च भरल्यात," ते अखेर म्हणाले. "भोकांच्या कडेनंसुद्धा. ही चार भोकांची कल्पना कुणाची?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं.

"शिंप्याची," ती म्हणाली.

मग सगळं सांगावं लागलं. सरांनी सावकाश चष्मा पुसला.

"विषय बंद."

तिने पर्स उचलली.

"प्लास्टिकचा. आता शिंपल्यावर काम करायचं. सगळं पहिल्यापासून," म्हणत सर खुशीत निघून गेले. ती मात्र मटकन स्टुलावर बसली.

संध्याकाळी नवरा सुईत दोरा ओवून दारातच उभा होता, स्वेटरमध्ये घामाघूम.

"आणलीस बटणं?"

"मिळतील," ती चपला काढत म्हणाली. "पाचेक वर्षं लागतील."