सोपानतात्यांची सिंगल बेल

मालिका सुरू झाली की सोपानतात्या टीव्हीचा आवाज बंद करून कुंड्यांना पाणी घालायला उठतात आणि जाहिरात लागली की लगबगीनं परत येतात. बारामतीत त्यांची आणि माझी भिंत एकच. त्यामुळे मला एकाही मालिकेचं कथानक ठाऊक नाही. साबण, सिमेंट आणि पाइप मात्र तोंडपाठ आहेत.

तात्या मूळचे कळंबचे. उभी हयात एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, बेल सुटली नाही. स्टीलचा पेला पुढ्यात आणि चमचा हातात घेऊन ते जाहिराती बघतात. आवडली तर दोन टोले. डबल बेल, जाऊ द्या गाडी. नाही आवडली तर एकच टोला: उतरा खाली. डबल बेल मी फार क्वचित ऐकली.

"सर, हे सांगत्यात कुणाला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

खताच्या जाहिरातीतला शेतकरी इस्त्रीचं धोतर नेसून भाताच्या खाचरात हसत उभा असतो. "आमच्याकडं ऊस. ह्यो कुणाच्या रानात उभा ऱ्हायलाय? आन् चिखलात उभा हाय, पर धोतराला डाग न्हाय. खत इकतोय का साबण?" टण्!

दुसऱ्या जाहिरातीत एक कुटुंब झोपेतून उठतं तेच हसत. "कुणाच्या घरात हसत्यात सकाळी? आमी आदी नळाला पाणी आलंय का बगतो." टण्!

तिसरीत ओठ हिंदीत हलतात आणि वरून मराठी ओतलेली असते, तीही कुठल्याच गावात न बोलली जाणारी. "तिकीट इंदापूरचं आन् गाडी मोरगावची," तात्या म्हणतात. टण्!

कोट्यवधींचा खर्च, परदेशातलं चित्रीकरण, नावाजलेली तारका, सगळं त्या एका टोल्यात खाली उतरतं. तात्यांचा निकाल प्रत्येक वेळी खरा ठरतो असंही नाही. एका मलमाला त्यांनी अशीच बेल मारली आणि आठवडाभरात तेच मलम त्यांच्या बायकोच्या, मालनकाकूंच्या गुडघ्यावर होतं. "तुमची बेल ऐकून गुडघा थांबतोय व्हय?" काकूंनी विचारलं. तात्यांनी कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं.

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली पुण्यात एका कंपनीत जाहिरातीच लिहिते. तात्यांना त्याचा केवढा अभिमान! "ही समदी दुसऱ्यांची कामं. आमची वैशी असलं लिवत न्हाय," असं ते कारण नसताना पेपरवाल्यालाही सांगतात.

त्यांच्या घरात एक जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. गल्लीतल्या इतरांनी ती कधीच सोडली, तात्यांनी धरून ठेवली. वैशालीला मूल झालं नाही, आणि रीतही संपली नाही. तात्या पुण्याला जायचे ते पिशवीत पाण्याची बाटली घेऊन. सोफ्याच्या कडेवर तासभर टेकायचे आणि परतीची गाडी पकडायचे.

गेल्या दिवाळीत वैशाली आली होती. मीही फराळाला तिथंच होतो. चहापत्तीची नवी जाहिरात लागली. म्हातारा बाप शहरात लेकीकडे येतो, ऐसपैस बसतो, ती कप पुढे करते, तो घोट घेतो आणि डोळे मिटून म्हणतो, "अगदी घरच्यासारखा."

टण्!

"सांगत्यात कुणाला?" तात्या म्हणाले. "बाप लेकीच्या घरी असा पसरून भुरके मारतोय व्हय? लिवणाऱ्याला बाप हाय का न्हाय?"

"बरोबर आहे, आबा," वैशाली हसून म्हणाली आणि बशा उचलून आत गेली.

काकूंनी आवाज खाली घेतला. "तिनंच लिवलीय ती."

टीव्हीवर पुढची जाहिरात लागली, तिच्यामागून आणखी एक. पेला वाजला नाही.

पुढं ती जाहिरात महिनाभरात दिसेनाशी झाली. लोकांना भिडली नाही, असं कंपनीचं म्हणणं पडलं म्हणे. कशी भिडणार? बाकीचे बाप लेकीकडे चहा पीतच होते. त्यांना त्यात नवल कसलं? ज्याला नवल वाटायला हवं होतं, असा एकच प्रेक्षक मला माहीत होता.

परवा मी कामासाठी गाडीनं पुण्याला निघालो, तर तात्या आधीच माझ्या दारात उभे. दाढी केलेली, कपडे ठेवणीतले. पिशवी नाही, बाटली नाही. त्यांना गाडीत घेतलं आणि आधी वैशालीचं घर गाठलं.

वैशालीनं दार उघडलं. आम्ही बसलो. आज तात्या सोफ्यावर चांगले मागे रेलून बसले.

"सर, चहा टाकते. आबा, तुम्हांला?"

"नगं," तात्या म्हणाले.

आमच्याकडं पहिलं 'नगं' हे उत्तर नसतं. ते नुसतं वळण. यजमानानं पुन्हा म्हणायचं, पाहुण्यानं पुन्हा मान हलवायची, तिसऱ्यांदा कप हातात कोंबला की "बरं, घोटभर" म्हणायचं. तात्या दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. पण वैशालीनं इतकी वर्षं त्यांचं 'नगं' खरं मानलं होतं. ती आत गेली आणि एकच कप घेऊन आली.

माझा कप हातात अवघडला. "तात्या, अर्धा घ्या की," मी म्हणालो.

"अहो सर, आबा नाही घेत," वैशालीच म्हणाली, त्यांना संकटातून सोडवावं तशी. तात्यांनी मान डोलावली आणि खिडकीचे पडदे छान असल्याचं सांगितलं.

परतताना यवत मागे पडलं, तेव्हा त्यांनी विचारलं.

"सर, च्या कसा हुता?"

"चांगला होता. आलं जरा पुढं होतं. गोड बेताचा."

"दूध?"

"दाट."

"अजून?"

चहाबद्दल माणूस आणखी काय सांगणार? तरी पाटसला वळेपर्यंत मी सांगत राहिलो.