माकडाच्या आवाजातले नाना

आमच्या शेजारचे डिगंबर नाना रोज दुपारी चार वाजता माकड होतात. हसू नका. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कोणालाही विचारा. चार वाजले, की नाना टीव्हीवर ते जंगलातलं कार्टून लावतात, त्याचा आवाज पार बंद करतात आणि त्यातल्या सगळ्या माकडांचं स्वतः बोलतात. तेही अहिराणीत. आणि हळू बोलतील तर शपथ! सावद्याच्या केळीबाजारात वजनकाट्यावर जन्म गेलेल्या माणसाचा गळा तो. त्यांच्या-आमच्या घरात एकच भिंत. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

कार्टून तसं लहान पोरांचं. पाच माकडं होडीत बसून हरवलेलं बेट शोधत निघालीत. म्होरक्या निळ्या टोपीचा. सोबत पाण्याला घाबरणारा एक हत्ती, मागावर एक लबाड मगर. पोरं बघतात, हसतात, विसरतात. नाना मात्र प्रत्येक भागात चुका काढतात.

"वहिनी, हे नियमात बसत नाही," ते मला सकाळी कुंपणावरून सांगणार. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाला उशिरा आला, ऊन जास्त पडलं, गुडघा दुखला, काहीच नियमात बसत नाही. "झाडावर पिवळाजर्द घड! कोणत्या मुलखात पाहिला तुम्ही? घड हिरवा कापायचा, वखारीत पिकवायचा. ह्या होडीवाल्यांना एकदा सावद्याला आणा, मी दाखवतो."

"नाना, कार्टून आहे ते."

"म्हणून काय झालं? केळं ते केळंच ना?"

यावलकडे त्यांच्या भावाच्या बागेत खरी वानरं उतरायची, तेव्हा हेच नाना गोफण घेऊन त्यांच्या मागे धावायचे, असं त्यांच्याच तोंडून ऐकलंय. आता त्याच जातीची वकिली चाललीय! मी तर सरळ म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

गेल्या उन्हाळ्यात एकदा माझी सहनशक्ती संपली. बाहेर अशी आग, की चप्पल डांबराला चिकटावी. कूलरसमोर जरा डोळा लागतोय, तोच भिंतीपलीकडून "मगर उनी रे, पया पया!" मगर आली, पळा म्हणे! मी पदर खोचला आणि भांडायलाच गेले. दार उघडंच होतं.

आत बघते तर काय! नाना टीव्हीच्या शोकेसच्या आड, जमिनीवर उकिडवे बसलेले. समोर खाटेवर त्यांची बायको शकू अक्का, पुढ्यात ताट. मी तोंड उघडणार, तर नानांनी ओठावर बोट ठेवलं. डोळे असे, की मी दारातच थांबले. पडद्यावर निळ्या टोपीचं माकड केळं सोलत होतं आणि शोकेसमागून किनरा आवाज आला, "अक्का, खाई ले व माय. मी बी खाई ऱ्हायनू. कळणानी भाकर शे, भरीत शे."

माकडाच्या हातात पिवळं केळं, आणि म्हणे कळण्याची भाकर! मला हसू येणार होतं. पण अक्कानं आपल्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि खाल्ला. चारी घास तिनं असेच खाल्ले, माकडाशी बोलत बोलत.

मग नानांनी मला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. अक्का विसरत चालली होती, हे आम्हाला माहीत होतं. इतकं माहीत नव्हतं. पुण्यातली पोरं विसरली, हे घर विसरली, नवराही विसरली. आणि मराठी विसरली. अक्का धुळ्याच्या पलीकडची, अहिराणीत वाढलेली. नाना यावलचे, त्यांच्या घरी अहिराणी नाही. जळगावला बिऱ्हाड केलं तेव्हा त्यांनी नव्या नवरीला बजावलं होतं, "चारचौघांत असं गावंढळ बोलू नको. नीट बोलायला शीक." शिकली बिचारी. मला इतकी वर्षं वाटायचं, ही बाई मितभाषी आहे. कसली मितभाषी! चुकेल म्हणून तोंडच उघडत नव्हती ती.

आता शिकलेलं सगळं पुसलं गेलं. माहेरचं तेवढं उरलं. नानांनी "जेवतेस का?" म्हटलं, की ती डोक्यावर पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची. घरात शुद्ध मराठी बोलणारा कोणी तलाठी आलाय असं तिला वाटायचं. अन्नाला शिवायची नाही. वाळून काटकी झाली. डॉक्टरांनी हात टेकले. मग एका दुपारी टीव्हीवर ती माकडं लागली आणि अक्का हसली. नानांनी मागून गमतीनं दोन शब्द अहिराणी टाकले, तर तिनं माकडाला उत्तर दिलं! चांगलं लांबलचक. त्या दिवसापासून नानांचं हे सुरू झालं.

पण नानांची अहिराणी म्हणजे आनंदच. भाजीवाली धुळ्याकडची, तिला रोज दारात अडवून विचारणार, "बाई, 'हळू चाव' याला तुमच्यात काय म्हणतात?" ती हसून हसून टोपलीसकट खाली बसायची. घोटून घोटून पाठ केलेलंही नाना दुपारी चुकायचे. मग अक्का त्या माकडावर खेकसायची, "बोलाले शीक रे माकड्या!" त्या दिवशी संध्याकाळी नाना कुंपणावर खुशीत. "वहिनी, आज रागावली मला! मी तिला आयुष्यभर हेच म्हणत होतो ना? फेडू द्या आता."

मीच एकदा त्यांना भरीस घातलं. म्हटलं, अहिराणीत बोललात तर ती ऐकते ना, मग समोर येऊन सांगा की कोण ते. नाना दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. कार्टून रंगात आलं असताना शोकेसमागून बाहेर आले आणि म्हणाले, "शकू, मी शे. डिगंबर."

अक्का किंचाळली. पदरात तोंड लपवून भिंतीकडे वळली. ती त्या दिवशी जेवली नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. नाना पुन्हा कधी बाहेर आले नाहीत. मला कोणी दोन कानाखाली मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा शेवभाजीची वाटी घेऊन गेले होते. कार्टूनचा भाग संपत आला होता. ताट अजून तसंच. अक्का टक लावून पडद्याकडे बघत होती. एकाएकी आपणहून म्हणाली, "माकड्या, तू बठ्ठी दुनिया फिरस. मना मालक कोठे दिसनात का रे? सावदाले गयात, आजून उनात नही."

सावद्याला कामावर गेलेल्या नवऱ्याला शोधत होती ती. सारी दुनिया फिरणाऱ्या माकडाला विचारत होती. मी शोकेसकडे पाहिलं. नाना तोंडावर पंचा दाबून बसले होते. मी हातानं खुणावलं, बोला काहीतरी. त्यांनी पंचा काढला, घसा खाकरला.

"दिसनात ना," दिसले म्हणून माकडानं सांगून टाकलं. "येई ऱ्हायनात. वाटवर शेत."

"जेवनात का ते?" मालक जेवले की नाही, याची तिला काळजी.

सकाळपासून त्या माणसाच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. अक्का जेवल्याशिवाय ते जेवतच नाहीत.

"जेवनात. पोटभर जेवनात."

"मंग मी बी खास," अक्का म्हणाली आणि तिनं ताट पुढे ओढलं.

शोकेसमागून नानांचा हुंदका आला. आवरता आवरेना, तेव्हा तोही त्यांनी माकडाच्याच आवाजात काढला. अक्का तोंडात घास घेऊन खुदुखुदू हसली.