सगळ्यांसाठी पहिला बाक

केळझरच्या अलीकडच्या एका गावात सहावीचा वर्ग समावेशक झाला, तो अगदी रीतसर. वर्गशिक्षिका मोहिनी मॅडम आणि आठवड्यातून दोनदा येणारे विशेष शिक्षक रजत सर यांनी मिळून शिकवायचं, मिळून पाठटाचण काढायचं आणि श्रेणीही मिळूनच द्यायची, असं ठरलं. हे सगळं सोनमसाठी होतं. तिला फार कमी दिसायचं. दोघांनी डोकं लावून साधा उपाय काढला: पहिला बाक, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका आणि जादा अर्धा तास.

सहामाहीत सोनमला अ-१ मिळाली. घोळ इथूनच सुरू झाला.

शाळा समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव लगेच येऊन बसले. त्यांच्या नागेशला क-२ होती.

“मॅडम, तिले मोठे अक्षरं अन् आमच्या पोराले बारीक. हे काऊन?”

“सोनमला कमी दिसतं, प्रभाकरराव.”

“मंग नागेशलेबी दिसत नाई. पुस्तक पुढ्यात असते, तरी दिसत नाई.”

हे मात्र खरं होतं. पाहता पाहता वर्गातल्या एकूणएक पोराची नजर अधू झाली. पालक तालुक्याला गेले आणि तिथून आदेश आला: समावेशनात भेदभाव नको, पहिल्या बाकाचा लाभ सर्वांना द्यावा. आदेशच तो. सगळे बाक एकाच आडव्या ओळीत मांडले. ओळ भिंतीला लागली, दारातून वळली आणि व्हरांड्यात गेली. मॅडम आत फळ्यावर लिहीत आणि रजत सर दारात उभे राहून बाहेरच्यांना ते ओरडून सांगत, तेही मंगळवारी आणि शुक्रवारी. शेवटचा बाक मात्र शाळेतून कायमचा हद्दपार झाला.

व्हरांड्याच्या टोकाला कोणी बसायचं, हेही टाचणानंच सोडवलं. सोनमच्या नावापुढे दोघांच्या सहीनं शेरा होता, ‘उद्दिष्ट साध्य’. ज्यांचं साध्य झालं, त्यांच्या सवलती गरजूंना द्याव्यात, असा नियम निघाला. सोनम दप्तर उचलून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसली.

वार्षिक परीक्षेत तिला ड मिळाली. तीही दोघांनी मिळूनच दिली. तिचे वडील मंगरू मजुरी बुडवून शाळेत आले.

“मॅडम, पोरीले फळा दिसून नाई राह्यला.”

“मंगरूभाऊ, तिचं उद्दिष्ट साध्य झालं होतं ना.”

“म्हंजे तवा दिसलं, म्हनून आता दिसू नये?”

ते गेल्यावर मॅडमना भरून आलं. खोटं कशाला सांगा, त्यांनी खरोखर डोळे पुसले. “लाज कशी वाटत नाही हो लोकांना, सर? एका पोरीच्या सवलतीवर सगळं गाव तुटून पडलं!”

रजत सरांनी मान हलवली. मग मॅडमनी आवाज खाली आणला. “सर, वर्ध्याला माझ्या मुलीच्या, अपेक्षाच्या शाळेतही जादा वेळ देतात म्हणे. चष्मा आहेच तिला. शिफारस लिहून द्याल?”

सरांनी लिहून दिली. मॅडमचा तुम्हाला राग आला असेल, तर चांगलंच आहे. तुमचं पोर कितवीत आहे?