अण्णांच्या घरचं मुकं पाणी

आमच्या गल्लीतले अण्णा पाणी पीत नाहीत, पाणी ऐकतात. पहिला घोट तोंडात धरायचा, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि मग बराच वेळ काहीच नाही. दारात उभी राहिलेली माझी आई तेवढ्यात चुलीवरचं दूध विसरायची. शेवटी अण्णांचे डोळे उघडायचे.

"बोलतंय. बेंबळीकडचं हाय. चुनखडीतनं आलंय, पन वाटंत लिंबाच्या मुळ्या लागल्यात."

खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण ऐकताना आपणही त्या मुळ्यांच्या गारव्यात जाऊन बसायचो.

धाराशिवात पाण्याचा तोटा, पाण्याच्या प्रकारांचा नाही. बोअरचं, टँकरचं, जारचं, आठवड्यानं नळाला येणारं, नाहीतर तेर गावाहून एसटीतून कॅन भरून आणलेलं. घरोघरी वेगळं, म्हणून अण्णांना घरोघरी काम. "बसा की अण्णा जरा," म्हटलं की बसलेच! फक्त जारच्या पाण्यावर त्यांचा भारी राग. "मुकं हाय. कायच बोलत न्हाय."

"आणि तुमच्या घरचं?" आई विचारायची.

"त्ये तर पार मुकं," म्हणत ते पेला पुढं करायचे.

आई अण्णांना फार मानायची. आम्ही या गल्लीत राहायला आलो तेव्हा भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून काही लोक उंबऱ्यावरूनच बोलून परत जात. अण्णा पहिल्याच दिवशी आत आले, पाणी मागितलं, डोळे मिटून प्यायले आणि दुसरा पेला मागितला. आई अखेरपर्यंत ही गोष्ट सांगत राहिली.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या नगरसेवकानं बातमी आणली. गावाचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या नळाला सोडायचा विचार आहे. रोज पाणी, सगळ्या घरी एकच. मात्र लोकांवर लादायचं नाही, आधी वॉर्डाचं मत घ्यायचं.

"अगं बया! आमच्या ह्यांच्या आंघोळीचं पाणी साऱ्या गावानं प्यायचं?" कोपऱ्यावरच्या सुमनकाकू किंचाळल्या.

नमुन्याची बाटली आली. ती अर्थातच अण्णांपुढं. सगळी गल्ली भोवती गोळा.

"लई शिकल्यालं पानी हाय," अण्णा म्हणाले. "स्वच्छ हाय. पन मुकं."

झालं! अण्णा 'नको'वाल्यांचे पुढारी.

मतदानाची तऱ्हा नगरसेवकाच्या सुपीक डोक्यातली. टाकीजवळच्या चिंचेखाली दोन रांजण, एक 'हो'चा, एक 'नको'चा. ज्यानं त्यानं घरून पेलाभर पाणी आणून ओतायचं. ज्यात पाणी जास्त, ती बाजू जिंकली. आता भर उन्हात रस्त्याकडेला भरला रांजण दिसला की आमच्याकडं त्याचा अर्थ एकच होतो. त्यात 'नको'चा रांजण गर्द सावलीत. कुणा पुण्यवंतानं त्याला ओगराळंही अडकवलं. रिक्षावाले थांबले, बाजाराला आलेले थांबले. आणि राखणीला बसलेले अण्णा एकेक मत डोळे मिटून चाखतायत, "हे सुमनबाईचं. बोलतंय!"

संध्याकाळी बघतो तर 'नको'च्या तळाला ओगराळं खडखडलं.

"अहो, मतं पिली की लोकांनी!" नगरसेवकानं कपाळावर हात मारला. मग तिथंच बसून हात वर करून पुन्हा मत घ्यायचं ठरलं.

अण्णा माझ्याशेजारी होते. उन्हं उतरली होती, चिंचेची सावली सगळ्यांच्या अंगावरून हळूहळू सरकत होती. मध्येच ते हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, समद्या घरी एकच पानी झालं, तर म्या कुनाच्या दारात कशाला जाऊ?"

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि अर्धी सभा घागरी घेऊन पळाली. सुमनकाकूंचा गुडघा दुखरा. त्या पाइपापर्यंत पोचल्या तोवर पाणी संपलं. रिकामी घागर कमरेवर घेऊन त्या परत आल्या आणि मुकाट खाली बसल्या. अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले.

"'हो' म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

पहिला हात अण्णांचा. मग जवळजवळ सगळ्या गल्लीचा.

योजना कधी व्हायची ती होवो, पाइप काही अजून आलेले नाहीत. पण त्या दिवसापासून अण्णाही यायचे थांबले. मी पेला भरून ठेवायची, तो तसाच कोमट व्हायचा. जिवाला चैन पडेना. शेवटी एका सकाळी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"का हो अण्णा, येत नाही?"

"आतापासनं सवय केल्याली बरी," ते म्हणाले.

"बरं, मग मला पाणी द्या प्यायला."

अण्णा गडबडले. मांडणीवर एकच पेला होता, त्यांचा उष्टा. बरंच शोधून वरच्या फळीवरून दुसरा काढला. त्यावर त्यांच्या बायकोचं नाव कोरलेलं. त्या गेल्यापासून तो कुणी हातात घेतला नसावा, आत धूळ होती. अण्णांनी तो दोनदा धुतला, भरला आणि माझ्यापुढं धरला.

मी घोट तोंडात धरला, डोळे मिटले. माठातलं साधं, शिळं पाणी.

"बोलतंय का गं?" अण्णांनी घाबरत विचारलं.

"लई बोलतंय, अण्णा."

"व्हय?" म्हणत त्यांनी पेला पुन्हा काठोकाठ भरला. "मग बस की जरा. घाई काय हाय?"